जुन्या संग्रहालयाची नवी दालने: पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी

जुन्या संग्रहालयाचे नूतनीकरण ठरले, की पहिल्या बैठकीत बहुधा भिंतींच्या रंगाची, मोठ्या डिजिटल पडद्यांची आणि प्रवेशद्वाराजवळच्या सेल्फी-पॉइंटची चर्चा होते. वस्तूंचा विषय तिसऱ्या-चौथ्या बैठकीत निघतो, आणि तोवर वास्तुविशारदाचे आराखडे मंजूर होऊन गेलेले असतात. पुढे उद्भवणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या उलट्या क्रमात असते, असे माझे मत आहे. दालन आखण्याचे काम कोणत्या क्रमाने केले म्हणजे बांधलेले पुन्हा तोडावे लागत नाही, एवढेच या लेखात सांगायचे आहे. हा लेख नव्याने रुजू झालेल्या साहाय्यक अभिरक्षकांसाठी आहे, डिझाइनचे शिक्षण घेऊन संग्रहालयाचे पहिलेच काम हाती घेणाऱ्यांसाठी आहे, आणि सभेत मान डोलवण्यापूर्वी काम समजून घेऊ इच्छिणाऱ्या विश्वस्तांसाठीही आहे.

उदाहरणादाखल आपण एक दालन डोळ्यांसमोर ठेवू. जिल्ह्याच्या ठिकाणी शंभर वर्षांपूर्वीची दगडी इमारत आहे आणि संग्रहात सातवाहन-क्षत्रपांची नाणी, काही ताम्रपट, ढाली-तलवारी, दोन-चार पैठण्या, पोथ्या आणि आवारात उन्हापावसात उभे असलेले वीरगळ आहेत. महाराष्ट्रातील अनेक संग्रहालयांचे चित्र थोड्याफार फरकाने असेच आहे.

वेळेचा अंदाज सुरुवातीलाच वास्तव ठेवावा. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जीर्णोद्धारासाठी मुंबई महानगरपालिका, इन्टॅक (वारसा-जतनाचे काम करणारी संस्था) आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात २००३ मध्ये करार झाला आणि संग्रहालय पुन्हा लोकांसाठी खुले झाले ते जानेवारी २००८ मध्ये. आपले काम त्या मानाने लहान असले, तरी 'पुढच्या १५ ऑगस्टला उद्घाटन' असे कोणी जाहीर करण्यापूर्वी हा आकडा त्यांच्यासमोर ठेवावा.

यादी आणि टेप

पहिले काम भांडारात बसून करायचे असते. दाखल नोंदवही उघडावी आणि प्रत्येक वस्तूसाठी एक स्वतंत्र पान तयार करावे: नोंदणी क्रमांक, लांबी, रुंदी, उंची, वजन, कशाची घडलेली आहे, सध्याची स्थिती, सध्या कोठे आहे, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले छायाचित्र. मापे स्वतः टेपने घ्यावीत. जुन्या नोंदवहीतील मापे इंचांत असतात, ती कोणी आणि कधी घेतली हे कळत नाही, आणि मूर्तीची उंची बैठकीसह दिली आहे की बैठकीविना, याचा उलगडा होत नाही. चार इंचांच्या या फरकामुळे तयार होऊन आलेल्या शोकेसमध्ये मूर्ती मावत नाही, हे मी पाहिले आहे. पुण्याच्या सी-डॅकने विकसित केलेली 'जतन' ही संगणकप्रणाली आपल्या संग्रहालयात असेल, तर ही माहिती थेट तिच्यातच भरावी. नसेल, तर साधी एक्सेलची तालिकाही पुरते, मात्र ती एकच असावी आणि एकाच माणसाच्या ताब्यात असावी.

याच टप्प्यावर कायद्याची बाजूही तपासून घ्यावी. १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुन्या वस्तू आणि किमान पंचाहत्तर वर्षे जुनी मोलाची हस्तलिखिते 'पुरावस्तू' ठरतात. वस्तू संस्थेची आहे, दान आहे की कोणा घराण्याची ठेव आहे, हे कागदावर स्पष्ट नसेल, तर ती दालनाच्या केंद्रस्थानी ठेवण्याचा बेत आखू नये.

त्यानंतर निवड. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा संग्रह वीस हजारांहून अधिक वस्तूंचा आहे आणि मांडलेल्या वस्तू सुमारे अडीच हजार. म्हणजे संग्रहाचा मोठा भाग भांडारात असणे ही काही लाजेची बाब नाही. नवख्या माणसाला निवड करताना सगळ्यांत जड जाते ते एकाच प्रकारच्या अनेक वस्तूंच्या बाबतीत. तुमच्याकडे तीस अडकित्ते असतील, तर एकच मांडावा, नाहीतर तीसही मांडावेत. एक अडकित्ता पाहणारा त्याच्या धारेकडे, कडीकडे, पितळेच्या मोराकडे नीट पाहतो. तीस एकत्र पाहणाऱ्याला सुपारी कातरण्यासारख्या साध्या कामासाठी कारागिरांनी किती परींनी डोके चालवले, हे दिसते. पाच अडकित्ते मांडले, की यांपैकी काहीच घडत नाही. पाहणारा 'अडकित्ते आहेत' असे म्हणून पुढे जातो.

इमारत काय सांगते

इमारतीचा अभ्यास किमान एका पूर्ण पावसाळ्यासह व्हायला हवा. दालनात तापमान आणि आर्द्रता नोंदवणारी छोटी यंत्रे (डेटालॉगर) लावून ठेवावीत; ती फार महाग नसतात. कोकणपट्टीत जुलैमध्ये आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहते आणि विदर्भात मे महिन्यातील दुपारी ती पंचवीसच्याही खाली उतरते, त्यामुळे रत्नागिरीत जे चालते ते चंद्रपुरात चालेलच असे नाही. मोठ्या संग्रहालयांनी आपसांत मान्य केलेली सर्वसाधारण मर्यादा चाळीस ते साठ टक्क्यांची आहे, आणि चोवीस तासांत दहा टक्क्यांहून जास्त चढउतार होऊ नये असा दंडक आहे. या दंडकातील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. वातानुकूलन बसवायचे आणि वीजबिलासाठी ते संध्याकाळी सहाला बंद करायचे, ही आपल्याकडची सर्वमान्य पद्धत लाकडी मूर्तींना आणि पोथ्यांना वातानुकूलन नसण्यापेक्षाही अधिक घातक ठरते, कारण त्यांना रोज एकदा सुकावे आणि एकदा फुगावे लागते. चोवीस तास चालवण्याची तरतूद नसेल, तर तो खर्च चांगल्या शोकेसवर करावा.

वजनाचा हिशेबही इथेच करावा. सव्वा मीटर उंच, अर्धा मीटर रुंद आणि पाव मीटर जाडीचा बेसॉल्टचा वीरगळ साधारण साडेचारशे किलोंचा भरतो. तो तळमजल्यावर ठेवला तर प्रश्न नाही. जुन्या वाड्याच्या माडीवर, लाकडी तक्तपोशीवर ठेवायचा असेल, तर संरचना अभियंत्याची लेखी संमती घेतल्याशिवाय नकाशावर त्याची जागा ठरवू नये.

इमारत वारसा यादीत असेल, तर भिंतीत खिळाही ठोकता येणार नाही असे धरून चालावे आणि सर्व मांडणी जमिनीवर स्वतंत्रपणे उभ्या राहणाऱ्या पडद्या-भिंतींवर करावी. भाऊ दाजी लाड संग्रहालयात शिरणाऱ्याची नजर आधी बिडाच्या खांबांकडे, कठड्यांकडे, सोनेरी मुलाम्याकडे आणि छताकडे जाते. १८७२ मध्ये खुली झालेली ती वास्तू हीच तेथील पहिली प्रदर्शनीय वस्तू आहे, आणि तिच्या जीर्णोद्धाराला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला तोही त्याचसाठी. अशा इमारतीत खोट्या छताच्या मागे कमानी दडवून 'आधुनिक' दालन करणे म्हणजे हातातली सर्वांत मोठी वस्तू भांडारात टाकणे होय.

दालनाचे एक वाक्य

वस्तू आणि इमारत माहीत झाल्यावरच दालन काय सांगणार आहे, हे ठरवता येते. ते एका पूर्ण वाक्यात लिहावे, आणि त्या वाक्याला क्रियापद असावे. 'प्राचीन नाणी' हे कपाटावरचे लेबल झाले. 'नाण्यावर कोणाचा शिक्का आहे, यावरून या प्रदेशात कोणाची सत्ता चालते हे लोकांना कळत असे', हे दालनाचे वाक्य झाले, कारण त्यातून कोणते नाणे आधी ठेवायचे, नकाशा कोठे लागेल आणि कोणती नाणी वगळायची, याचे उत्तर निघते.

नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ती क्षत्रप राजा नहपानाची नाणी, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली. समजा, त्या जातीचे एखादे नाणे तुमच्या संग्रहात आहे. अंगठ्याच्या नखाएवढ्या त्या चांदीच्या चकतीवर आधीच्या राजाची मुद्रा अर्धवट पुसलेली आणि नंतरच्या राजाचा तीन कमानींचा डोंगर तिच्यावर उमटलेला असतो. वरचे वाक्य सिद्ध करायला एवढे एक नाणे पुरेसे आहे. बाकीची दोनशे नाणी त्याच्या साथीला किती आणि कोठे हवीत, ते मग ठरवावे.

जुने दालन जसे होते तसे नव्या काचेत ठेवणे म्हणजे पुनर्रचना नव्हे. वासाहतिक काळात उभारलेल्या संग्रहालयांत जाती-जमातींच्या आणि धंद्यांच्या मातीच्या प्रतिकृती असतात. त्या कोणी, कोणासाठी आणि कोणत्या नजरेने घडवल्या, हे आजच्या दालनाने सांगितलेच पाहिजे. त्यांच्याशेजारी जुनीच इंग्रजी लेबले भाषांतर करून लावली, तर ती नजर आपणही उचलली असा अर्थ होतो.

नकाशा, आणि जमिनीवरची चिकटपट्टी

संगणकावरची चित्रे पाहून भुलू नये. त्या चित्रांतील दालनात नेहमी तीनच प्रेक्षक असतात, तिघेही उंच, सडपातळ, आणि एकाच्याही हातात पिशवी किंवा कडेवर मूल नसते. प्रत्यक्षात डिसेंबरमध्ये शाळेच्या सहलीची पन्नास मुले दोन शिक्षकांसह एकदम आत येतात आणि पहिल्याच शोकेसला गराडा घालतात. म्हणून प्रवेशाजवळ बरीच मोकळी जागा ठेवावी आणि सर्वांत छोटी, जवळून पाहण्याची वस्तू तेथे मुळीच ठेवू नये.

चाकाच्या खुर्चीसाठी वाट कोठेही १.२ मीटरपेक्षा अरुंद नसावी, खुर्ची वळवण्यासाठी १.५ मीटरची मोकळी जागा असावी, आणि दोन खुर्च्या एकमेकींजवळून जाण्यासाठी १.८ मीटर लागतात. उभ्या प्रौढाची नजर साधारण दीड मीटर उंचीवर असते, खुर्चीवर बसलेल्याची आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाची नजर सुमारे सव्वा मीटरवर किंवा त्याखाली. यासाठी नाण्यांसारख्या सपाट वस्तूंची शोकेस टेबलासारखी, खाली गुडघे सरकतील अशी असावी. दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी त्या पुनर्मुद्रांकित नाण्याची तळहाताएवढी मोठी प्रतिकृती हाताळायला ठेवली, तर अनुभव असा आहे, की डोळस प्रेक्षकही तिच्याभोवतीच सर्वांत जास्त रेंगाळतात.

आराखडा कागदावर पटला, की रिकाम्या दालनात जमिनीवर चिकटपट्टीने शोकेसच्या कडा आखाव्यात, खोक्यांचे मोठे पुठ्ठे उभे करून त्यांची उंची दाखवावी, आणि पहारेकरी, सफाई कामगार, एखाद्या सहकाऱ्याची आई, शेजारच्या शाळेतील दहा मुले अशा मंडळींना त्यातून चालायला लावावे. या कामाला एक दिवस आणि हजारभर रुपये लागतात. दालनात बाक कोठे हवा, हे मला आजवर कोणत्याही नकाशाने सांगितलेले नाही. सहकाऱ्याच्या आईने दरवेळी सांगितले आहे.

शोकेस: इथे घाई करू नये

एका संग्रहालयात माझ्या उमेदवारीच्या काळात नाण्यांचे दालन नवे झाले. प्लायवूडच्या सुंदर पेट्या, आत सरसाने चिकटवलेली तांबडी मखमल, वर काच. रंगकाम गुरुवारी संपले, शनिवारी नाणी मांडली आणि सोमवारी उद्घाटन झाले. पुढच्या श्रावणात मी एक पेटी उघडली तेव्हा आतून व्हिनेगरसारखा आंबट वास आला. चांदीची नाणी काळवंडली होती, ते साफ करता आले असते. पण सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांवर रांगोळीसारखी पांढरी भुकटी धरली होती, आणि ब्रशने ती झटकल्यावर तिच्याबरोबर नाण्यावरच्या हत्तीची सोंडही गेली. जवळजवळ दोन हजार वर्षे मातीत टिकलेले नाणे आमच्या पेटीत चौदा महिने टिकले नाही.

दोष लाकडाचा आणि सरसाचा होता. प्लायवूड, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या) आणि त्यांना जोडणाऱ्या द्रव्यांतून सेंद्रिय आम्लांची वाफ हळूहळू निघत राहते. सागवानही याबाबतीत पूर्ण निर्दोष नाही. उघड्या खोलीत ती वाफ विरून जाते, बंद शोकेसमध्ये साठते. शिसे या वाफेला सर्वांत आधी बळी पडते, आणि सातवाहन नाण्यांचा मोठा भाग शिशाचा असल्याने महाराष्ट्रातील संग्रहालयांनी तरी हा धडा विसरता कामा नये.

म्हणून शोकेसच्या आतील भागासाठी काच, भट्टीत नीट भाजलेला पावडर कोटिंगचा धातू, अ‍ॅक्रिलिक आणि रंग न दिलेले, धुतलेले सुती कापड यांवर भर द्यावा. एखाद्या साहित्याविषयी शंका असेल, तर त्याची चाचणी घेता येते. त्याचा छोटा तुकडा, थोडे पाणी आणि चांदी, तांबे व शिसे यांच्या घासून चकचकीत केलेल्या पट्ट्या एका घट्ट बंद नळीत घालून साठ अंश सेल्सिअसला अठ्ठावीस दिवस ठेवतात. पट्ट्या तशाच राहिल्या तर साहित्य चालेल. ब्रिटिश म्युझियममध्ये १९७० च्या दशकात अँड्र्यू ऑडी यांनी रूढ केलेली ही चाचणी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा असलेल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या मदतीने करता येईल. मात्र त्यासाठी लागणारा महिना वेळापत्रकात आधीच धरलेला असावा. रंगकाम आणि पॉलिश झाल्यावर वस्तू आत येण्यापूर्वी किमान चार आठवडे दालन उघडे, वाहत्या हवेत राहू द्यावे. उद्घाटनाची तारीख पुढे ढकलण्याची हिंमत बहुधा इथेच दाखवावी लागते.

शोकेस जितकी घट्ट बंद होईल तितकी आतील आर्द्रता सांभाळणे सोपे जाते. तळाशी वेगळा कप्पा करून त्यात सिलिका जेल (हवेतील ओल शोषणारे खडे) ठेवतात, आणि त्याचे जुने, वापरातील प्रमाण घनमीटरला वीस किलोंचे आहे. दीड मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर उंच पेटीला म्हणजे सुमारे सात किलो जेल लागेल. औषधाच्या बाटलीतील पुडीएवढे जेल कोपऱ्यात ठेवून काहीही साध्य होत नाही. क्षार धरलेल्या तांब्या-काशाच्या नाण्यांसाठी आतील आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली राखावी, नाहीतर त्यांच्यावर हिरवट भुकटीचे ठिपके उगवू लागतात. जेलचा कप्पा वस्तूंना हात न लावता बाहेरून उघडता यायला हवा. ही गोष्ट निविदेत लिहिली नाही, तर मिळणाऱ्या शोकेसमध्ये जेल बदलण्यासाठी सगळी नाणी उचलावी लागतात, आणि मग ते जेल कोणी कधीच बदलत नाही.

प्रकाश

प्रकाश वस्तू दाखवतो आणि काही वस्तू संपवतोही. दगड, धातू आणि भाजलेली माती यांना प्रकाशाचे भय नाही. रंगवलेले लाकूड, हस्तिदंत, तैलचित्रे यांच्यासाठी साधारण दीडशे ते दोनशे लक्स (वस्तूवर पडणारा उजेड मोजण्याचे एकक), आणि वस्त्रे, लघुचित्रे, हस्तलिखिते यांच्यासाठी पन्नास लक्स ही मर्यादा जगभर पाळतात. लक्समीटर विकत घ्यावा; मोबाइलमधील अ‍ॅपवर विसंबू नये.

पन्नास लक्स पाळले म्हणजे झाले, असा मात्र एक गैरसमज आहे. हानी साठत जाते. हळदीच्या पिवळ्यासारख्या नाजूक रंगांना वर्षाकाठी पंधरा हजार लक्स-तासांची (लक्स गुणिले तास) मर्यादा आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने सुचवली आहे. पन्नास लक्सवर, रोज आठ तास, वर्षातील तीनशे दिवस दालन उघडे राहिले, तर हिशेब एक लाख वीस हजारांवर जातो, म्हणजे मर्यादेच्या आठपट. जुनी पैठणी तीन महिने मांडली, तर पुढे जवळजवळ दोन वर्षे तिने अंधारात विश्रांती घ्यायला हवी. त्यामुळे वस्त्रांची शोकेस आखतानाच ती तीन-तीन महिन्यांनी सहज बदलता येईल अशी आखावी, एकच मौल्यवान वस्त्र तेथे कायमचे राहील असे गृहीत धरू नये. माणूस जवळ आल्यावरच उजळणारे दिवे लावले, तर हा हिशेब बराच सुधारतो.

दिवे शोकेसच्या आतील हवेत नसावेत. उष्णता आणि दुरुस्ती या दोन्ही कारणांसाठी ते वेगळ्या, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात असावेत. नाण्यासाठी समोरून भडक उजेड टाकला, की ठसा सपाट दिसतो. एका बाजूने, जमिनीलगत आल्यासारखा तिरपा उजेड टाकून पाहावा. नहपानाचे नाक आणि त्यावर चढलेला सातकर्णीचा डोंगर एकदम उठून दिसतात. नाण्याची मागची बाजू दाखवायला खाली छोटा आरसा, आणि वर सरकते भिंग, एवढी यंत्रणा पुष्कळ झाली.

मजकूर आधी मराठीत

लेबलांचा मजकूर आधी इंग्रजीत लिहून घेऊन शेवटच्या आठवड्यात त्याचे मराठी भाषांतर करवणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे, आणि त्यातूनच 'सदर शिल्प हे उत्कृष्ट कलात्मकतेचे द्योतक आहे' यासारखी वाक्ये भिंतीवर चढतात. आपले बहुसंख्य प्रेक्षक मराठी वाचणारे असतील, तर मजकूर मराठीत विचार करून लिहावा आणि इंग्रजी नंतर करावे.

दालनाच्या आरंभीचा फलक शंभर-सव्वाशे शब्दांचा, एकेका गटाचा साठ-सत्तर शब्दांचा आणि वस्तूचे लेबल तीस ते पन्नास शब्दांचे असावे. नाण्याचे जुने लेबल बहुधा असे असते: 'नहपान. चांदी. पुनर्मुद्रांकित. जोगलटेंभी.' यात चूक काहीच नाही, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल: 'एका नाण्यावर दोन राजे. आधी यावर क्षत्रप नहपानाचा चेहरा होता. त्याला हरवल्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने नाणे वितळवले नाही, त्याच्यावरच आपला तीन कमानींचा डोंगर ठोकला. डाव्या बाजूने पाहा: डोंगराखाली नहपानाचे नाक अजून दिसते.' लेबलने प्रेक्षकाची नजर वस्तूकडे परत पाठवली पाहिजे, आणि ते लिहिणाऱ्याने संगणकासमोर बसून नव्हे, तर वस्तूसमोर उभे राहून लिहिले पाहिजे. प्रत्येक नाण्यावर ठसा वेगळ्या जागी पडलेला असल्याने, शेजारच्या नाण्याला हेच लेबल चालणार नाही.

अक्षरांबाबत एक तांत्रिक गोष्ट. देवनागरीला वर मात्रा आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरे असतात, त्यामुळे त्याच पॉइंटमध्ये मराठी अक्षर रोमनपेक्षा लहान दिसते आणि ओळी एकमेकींत अडकतात. इंग्रजी ओळ वीस पॉइंटची असेल, तर मराठी किमान चोवीसची ठेवावी आणि ओळींत दीडपट अंतर सोडावे. छापण्यापूर्वी एक नमुना खऱ्या आकारात काढून प्रत्यक्ष जागी, प्रत्यक्ष उजेडात, चष्मा लावणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यावा. पन्नास लक्समध्ये करड्या रंगावर पांढरी नाजूक अक्षरे कोणालाही वाचता येत नाहीत, डिझाइनरचा कितीही आग्रह असो.

निविदा आणि प्रत्यक्ष मांडणी

निविदेत 'शोकेस, नग १२' एवढेच लिहिले, तर सर्वांत कमी दराचा ठेकेदार सराफी दुकानाचे काउंटर आणून देईल, आणि कागदावर तो बरोबर असेल. काचेची जाडी आणि प्रकार, दार कोणत्या बाजूने व किती उघडेल, फटीतील गॅस्केट (फट घट्ट बंद करणारी पट्टी), कुलूप, जेलचा आणि दिव्याचा स्वतंत्र कप्पा, निषिद्ध साहित्याची यादी, हे सर्व लिहावे. पहिली शोकेस नमुना म्हणून बनवून घ्यावी आणि ती उघडून, बंद करून, आत डेटालॉगर ठेवून तपासल्याशिवाय उरलेल्या अकरांना मंजुरी देऊ नये. शोकेस दारातून आणि जिन्यावरून आत येईल ना, हेही टेप लावून पाहावे. एकूण रकमेच्या दहा टक्के अनपेक्षित खर्चासाठी बाजूला ठेवावेत. जुन्या भिंतीचा गिलावा काढल्यावर मागे काय निघेल, हे कोणीही सांगू शकत नाही.

धुळीची सर्व कामे संपून दोनदा सफाई झाल्याशिवाय एकही वस्तू दालनात आणू नये. त्याला अपवाद फक्त अवजड शिल्पांचा, कारण शोकेस बसल्यावर त्यांना वाटच उरत नाही. ती आधी आणून, ताडपत्रीत आणि फोममध्ये गुंडाळून ठेवावीत. उचलण्याचे काम नेहमीच्या हमालांवर सोपवू नये. घारापुरीचा तो प्रसिद्ध दगडी हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना यारीच्या साखळ्या तुटल्या आणि त्याचे तुकडे झाले. पन्नास वर्षांनी, १९१४ मध्ये, ते जोडले गेले आणि तो आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी उभा आहे. शिल्पे हलवणाऱ्या प्रत्येक चमूला मी आधी तो दाखवून आणतो.

प्रत्येक वस्तू हलवण्यापूर्वी आणि जागी ठेवल्यावर तिचे छायाचित्र आणि स्थितीची नोंद व्हावी, दोघांच्या सह्यांनिशी. तलवारी, ताम्रपट यांच्यासाठी पितळी पट्ट्यांचे आधार वस्तूच्या मापाने घडवून घ्यावे लागतात आणि वस्तूला टेकणाऱ्या जागी निर्धोक आच्छादन लावावे लागते. नायलॉनचा दोरा आणि टाचण्या यांनी काम भागवू नये. दिवसाला किती वस्तू मांडून होतील याचा तुमचा जो अंदाज असेल, तो निम्मा करून वेळापत्रकात लिहावा.

पहिला पावसाळा

उद्घाटनानंतर ठेकेदाराची माणसे निघून जातात आणि किल्ल्या, दिव्यांचे सुटे भाग, जेल वाळवण्याची भट्टी हे सगळे कोणाच्या जबाबदारीवर आहे, हे कोणालाच माहीत नसते. हस्तांतरणाच्या दिवशीच एक पातळ पुस्तिका तयार ठेवावी: कोणती शोकेस कशी उघडते, कोणता दिवा कोठे मिळतो, जेल कधी बदलायचे, कसर आणि वाळवी यांचे सापळे कोठे ठेवले आहेत आणि ते कोण पाहणार. ठेकेदाराची अनामत रक्कम पहिला पावसाळा उलटेपर्यंत सोडू नये, अशी अट निविदेतच असावी.

आणि नाण्यांच्या प्रत्येक शोकेसमध्ये, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा कोपऱ्यात, घासून चकचकीत केलेली शिशाची एक छोटी पट्टी तारीख लिहून ठेवावी. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बॅटरी घेऊन ती पाहावी. पट्टीवर पांढरी झाक दिसली, तर समितीची बैठक होईपर्यंत थांबू नये. शिशाची नाणी त्याच दिवशी बाहेर काढावीत आणि कारण नंतर शोधावे.